डबीतला कारभारी

घरात संगणक किती, असे कोणी विचारले तर आपण बोटांवर मोजून दोन-तीन सांगतो. पण इंटरनेट घरात आणणारा राऊटर, दारावरची कॅमेऱ्याची घंटी, भिंतीवरचा थर्मोस्टॅट, प्रिंटर, टीव्ही हे सगळेही संगणकच. त्यांना कळफलक नसतो, म्हणून ते मोजणीतून सुटतात, इतकेच. अशा बहुतेक डब्यांत एक ऑपरेटिंग सिस्टीम असते. तिचे काम जुन्या वाड्यातल्या कारभाऱ्यासारखे. कोणाचे काम आधी, कोणाला किती जागा, दाराशी आलेल्याला आत घ्यायचे की नाही, हे सगळे तो पाहतो. कारभारी चोख असेल तर तो आहे हे कोणाच्या लक्षातही येत नाही.

आपल्या मंडळाच्या सभासदांपैकी अनेकांचे पोट अशा उपकरणांवर चालते, आणि ती विकत घेणारे तर आपण सगळेच. म्हणून या लेखात कोणत्या कंपनीचा माल सरस हे सांगण्यापेक्षा, हा कारभारी ज्या पद्धतीने निवडला जातो त्या पद्धतीचीच समीक्षा करावी असा विचार आहे. माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. कारभारी किती स्वस्त, किती चपळ आणि किती कमी जागेत राहणारा, हे उद्योगाने वर्षानुवर्षे सर्वांत आधी विचारले. डबी विकली गेल्यावर तिच्यात दोष सापडला तर तो कोण, कसा आणि किती वर्षे दुरुस्त करणार, हा प्रश्न मात्र शेवटच्या पानावर राहिला. कित्येकदा तिथेही नव्हता.

उमेदवार ढोबळमानाने तीन प्रकारचे. पहिले अगदी छोटे. रिचर्ड बॅरी यांनी २००३ मध्ये आणलेल्या फ्रीआरटॉसचा गाभा साधारण ६ ते १२ किलोबाइटमध्ये मावतो. लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली २०१६ मध्ये सुरू झालेला झेफर हा त्याच वर्गातला, पण जास्त सोयींचा. दुसरे, व्हीएक्सवर्क्स किंवा क्यूएनएक्ससारखे विकत घ्यायचे व्यावसायिक कारभारी. आणि तिसरा लिनक्स, ज्याला किलोबाइट पुरत नाहीत, मेगाबाइट लागतात, पण जो फुकट आहे आणि ज्याचा कोड सर्वांसाठी खुला आहे.

पहिल्या दोन प्रकारांची जाहिरात ‘रिअल टाइम’ या शब्दांनी होते. पुष्कळांना त्याचा अर्थ ‘अतिवेगवान’ असा वाटतो. तसे नाही. रिअल टाइम म्हणजे वेळेचा पक्का. गाडीची एअरबॅग ठरलेल्या मिलिसेकंदांत उघडली पाहिजे. बरोबर उत्तर उशिरा आले तर ते चुकीचेच. घरातल्या राऊटरकडून एखादा संदेश चार-दोन मिलिसेकंद उशिरा गेला तर मात्र कोणाचे काही अडत नाही. म्हणजे एकाला जो गुण प्राणाइतका आवश्यक, त्यासाठी दुसऱ्याने भारी किंमत मोजण्याचे कारण नाही.

या क्षेत्रात सर्वांत जास्त सांगितली जाणारी गोष्ट मंगळावरची आहे. ४ जुलै १९९७ रोजी नासाचे पाथफाइंडर यान मंगळावर उतरले. त्यात व्हीएक्सवर्क्स होती. काही दिवसांनी यानाचा संगणक आपोआप पुन्हा पुन्हा सुरू होऊ लागला. कारण समजून घ्यायला एक घर डोळ्यांसमोर आणा. कपाटाची किल्ली एकच, आणि ती धाकट्या नातवाच्या हातात आहे. आजोबांना कपाट हवे आहे, त्यांचा मान सर्वांत मोठा. पण मधेच पाहुणे नातवाला गप्पांत गुंतवतात. नातू पाहुण्यांना टाळू शकत नाही, आणि आजोबा ताटकळत राहतात. पाथफाइंडरमध्ये हवामानाची माहिती गोळा करणारे दुय्यम काम नातवाच्या जागी होते. आजोबांचे, म्हणजे सर्वांत महत्त्वाचे काम वेळेत झाले नाही की राखणदार यंत्रणा ‘काहीतरी बिघडले’ असे समजून संगणक नव्याने चालू करत असे. उपाय व्हीएक्सवर्क्समध्ये आधीपासून होता. किल्ली ज्याच्या हाती, त्याला तेवढ्यापुरता आजोबांचा मान द्यायचा. नेमकी ती सोय त्या ठिकाणी बंद ठेवली होती. पृथ्वीवरच्या जुळ्या यंत्रावर दोष शोधून अभियंत्यांनी ती सोय मंगळावरच्या यंत्रात इथून चालू केली.

पाठ्यपुस्तके या गोष्टीतून अग्रक्रमाचा धडा काढतात. मला त्यातला दुसरा धडा मोठा वाटतो. कोट्यवधी किलोमीटर दूर गेलेले यंत्र दुरुस्त होऊ शकले, कारण ते दुरुस्त करण्याची वाट आधीच ठेवलेली होती आणि ती जाणणारी माणसे कामावर होती. आपल्या बैठकीच्या खोलीतल्या, हाताच्या अंतरावरच्या डबीला हे भाग्य क्वचित लाभते.

आता पृथ्वीवरचे, अनेक वाचकांच्या ओळखीचे उदाहरण घेऊ. लिंक्सिसचा डब्ल्यूआरटी-५४जी हा निळा-काळा, दोन अँटेनांचा राऊटर २००२च्या अखेरीस बाजारात आला. त्याच्या आत लिनक्स आहे हे जाणकारांनी ओळखले. लिनक्सच्या परवान्याची अट अशी, की माल विकणाऱ्याने त्यातला लिनक्सचा कोडही द्यायला हवा. २००३ मध्ये लिंक्सिसने तो खुला केला आणि त्यातूनच २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी हा प्रकल्प उभा राहिला. २००५ मध्ये कंपनीने पाचवी आवृत्ती काढली. तिच्यात लिनक्स जाऊन व्हीएक्सवर्क्स आली, फ्लॅश मेमरी ४ मेगाबाइटवरून २ वर आणि रॅम १६वरून ८ वर आली. बाहेरून डबी तीच. ज्यांना लिनक्सच हवा होता त्यांच्यासाठी डब्ल्यूआरटी-५४जीएल हे वेगळे मॉडेल निघाले.

हा निर्णय मूर्खपणाचा होता का? हिशेबाच्या वहीत तो अचूकच आहे. लाखो डब्या विकायच्या असतील तर अर्धी मेमरी म्हणजे मोठी बचत. दुकानातून आणून कपाटावर ठेवणाऱ्या गिऱ्हाइकाला काही फरक जाणवायचे कारण नव्हते. पण वहीत एक रकाना नव्हता. लिनक्सच्या आवृत्तीला कंपनीबाहेरचे हजारो हात मिळाले होते. कंपनीने लक्ष काढून घेतल्यावरही ते नवी आवृत्ती देऊ शकत होते. पाचव्या आवृत्तीत त्या हातांसाठी जागाच उरली नाही. काही चिवट मंडळींनी तिथेही छोटे लिनक्स घुसवले खरे, पण ती कसरत होती, राजमार्ग नव्हे. जे वाचले ते पहिल्या दिवशी वाचले, आणि जे गेले ते पुढच्या दहा वर्षांतले.

मग सगळ्यांनी लिनक्स घ्यावे आणि प्रश्न मिटवावा? इतके सोपे नाही. २०१६ मध्ये मिराई नावाच्या घातक प्रोग्रॅमने कॅमेरे, व्हिडिओ रेकॉर्डर आणि राऊटर यांची फौज उभी केली. त्यातली बहुसंख्य उपकरणे लिनक्सवरच चालणारी. मिराईने कोणतेही अवघड कुलूप फोडले नाही. कारखान्यातून येणाऱ्या साठेक ठरावीक पासवर्डांची यादी घेऊन ती दारोदार फिरली. काही उपकरणांत तो पासवर्ड बदलण्याची सोयच नव्हती. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी याच फौजेने डिन या कंपनीवर हल्ला केला आणि अमेरिकेतल्या अनेकांना ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा काही तास मिळेनात. कारभारी नावाजलेला, पण त्याला दाराची कडी न लावता सोडून दिलेले.

विकतच्या, प्रतिष्ठित व्यवस्था तरी सुरक्षित असतील, या समजाला २०१९ मध्ये धक्का बसला. आर्मिस या संस्थेच्या संशोधकांनी व्हीएक्सवर्क्सच्या इंटरनेटशी बोलणाऱ्या भागात ११ दोष दाखवले. हा भाग मुळात इंटरपीक या कंपनीचा होता, आणि ती कंपनी व्हीएक्सवर्क्सच्या मालकांनी, म्हणजे विंड रिव्हरने, २००६ मध्ये घेतली होती. त्याआधी तोच भाग इतर व्यवस्थांनाही विकला गेला होता. त्यामुळे व्हीएक्सवर्क्सचे नावही नसलेल्या उपकरणांत तेच दोष निघाले. ऑक्टोबर २०१९ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाला वैद्यकीय उपकरणांबाबत इशारा द्यावा लागला. म्हणजे कारभाऱ्याचे नाव विचारून भागत नाही, त्याने हाताखाली कोणाकोणाला ठेवले आहे तेही विचारावे लागते. डब्यावर जिन्नसांची यादी असते, तशी सॉफ्टवेअरचीही असावी, ही मागणी त्यातूनच जोर धरते.

उरला तिसरा समज : मोठ्या कंपनीचे नाव असले की निर्धास्त. गूगलने डिसेंबर २०१६ मध्ये अशा उपकरणांसाठी अँड्रॉइड थिंग्ज जाहीर केली, २०१९ मध्ये तिचा आवाका कमी केला आणि २०२२ मध्ये गाशा गुंडाळला. मायक्रोसॉफ्टच्या विंडोज सीईच्या शेवटच्या आवृत्तीचा आधार ऑक्टोबर २०२३ मध्ये संपला. आर्मने २०२४ मध्ये आपल्या एमबेडसाठी जुलै २०२६ ही अखेरची तारीख जाहीर केली. मोठ्या कंपनीला मोठी दुकाने बंद करणेही परवडते, हे आपण विसरतो. याउलट मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये विकत घेतलेली थ्रेडएक्स २०२३ मध्ये एक्लिप्स फाउंडेशनकडे सोपवली. मालकाचे मन उडाले, पण कोड खुला झाल्यामुळे व्यवस्था पोरकी झाली नाही. खुल्या कोडचा खरा फायदा फुकटेपणात नाही. मूळ मालक निघून गेल्यावरही किल्ली कोणाच्या तरी हाती राहते, यात आहे.

तेव्हा निवड करणाऱ्यांनी प्रश्नांचा क्रम उलटा करावा. आधी विचारावे : हे उपकरण घरात किती वर्षे राहील? तितकी वर्षे दुरुस्ती कोण पाठवील, आणि पाठवलेली दुरुस्ती खरीच आपली आहे हे उपकरण कसे ओळखेल? दुरुस्ती अर्ध्यात वीज गेली तर डबी जुन्या स्थितीत परत येईल का? त्यासाठी जुनी आणि नवी अशा दोन्ही प्रती ठेवायला जागा लागते, म्हणजे काटकसर करून मेमरी अर्धी केली की ही सोयच जाते. वेळेच्या पक्केपणाचा प्रश्न यानंतर. पूर्वी त्या एका कारणासाठी लिनक्स बाद होई. २०२४ च्या अखेरीस आलेल्या ६.१२ आवृत्तीपासून ती सोय मूळ लिनक्समध्येच आहे, त्यामुळे निदान मोठ्या उपकरणांसाठी ती सबब पूर्वीइतकी उरलेली नाही. अर्थात बटणाएवढ्या सेलवर वर्षानुवर्षे चालणाऱ्या सेन्सरला लिनक्स झेपणार नाही. तिथे फ्रीआरटॉस किंवा झेफरच योग्य. छोटा कारभारी वाईट नसतो, बेवारस कारभारी वाईट.

बाजार आपणहून हे करील अशी आशा नव्हती, आणि शेवटी कायद्याला यावे लागले. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून सरसकट एकच पासवर्ड ठेवायला बंदी आहे आणि दुरुस्ती किती काळ मिळेल हे उत्पादकाला सांगावे लागते. युरोपीय संघाचा कायदा डिसेंबर २०२४ मध्ये लागू झाला. त्यातली मुख्य बंधने ११ डिसेंबर २०२७ पासूनची, आणि त्यात आधाराचा काळ सर्वसाधारणपणे किमान ५ वर्षांचा धरला आहे.

हा विषय अभियंत्यांपुरता नाही. आपल्यापैकी कित्येकांनी पुण्या-नाशिकच्या घरी आई-वडिलांसाठी कॅमेरा बसवून दिला आहे, आणि इथून फोनवर त्यांना बघून रात्री निश्चिंत झोपतो. त्या कॅमेऱ्याच्या दुरुस्त्या बंद झाल्या तरी चित्र दिसतच राहते. फक्त ते आणखी कोणाला दिसते आहे, हे कळायला मार्ग उरत नाही. दुकानात कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल आपण आवर्जून विचारतो. त्याच सुरात आणखी एक विचारावे : “याला अपडेट कोणत्या सालापर्यंत मिळतील?” विक्रेता गोंधळला तर गोंधळू द्या. हा प्रश्न काउंटरवर वारंवार येऊ लागला, की तो कारखान्यातल्या बैठकीत पहिल्या पानावर जायला वेळ लागणार नाही.