फळीवरचे स्टेशन: देखावा की उपकरण?

शाळांच्या विज्ञान प्रदर्शनात आगगाडीची प्रतिकृती नाही असे वर्ष क्वचितच जाते. थर्मोकोलचा डोंगर, त्यातून आरपार गेलेला बोगदा, हिरवा रंग दिलेला लाकडाचा भुसा आणि लंबगोल रुळांवर फेऱ्या मारणारी तीन डब्यांची गाडी. गर्दी जमते, लहान मुले तिथून हलत नाहीत, परीक्षकही दोन मिनिटे थांबतात. मग कोणीतरी विचारतो, "यात विज्ञान काय?" आणि शेजारी उभा असलेला विद्यार्थी पाठ केलेले उत्तर देतो: विद्युत ऊर्जेचे गतिज ऊर्जेत रूपांतर होते. उत्तर चूक नाही. पण ते स्वयंपाकघरातल्या मिक्सरलाही तितकेच लागू पडते.

गणपतीपुढचा देखावा आणि प्रयोगशाळेतले उपकरण यांत जो फरक आहे, तोच येथे आहे. देखावा पाहायचा असतो. उपकरणाला प्रश्न विचारायचे असतात. आगगाडीची पहिली छोटी मांडणी करू पाहणाऱ्या शिक्षकाने आपण यांपैकी काय करणार आहोत हे पैसे खर्चण्याआधी ठरवावे. जागा थोडी असेल तर हे ठरवणे अधिकच निकडीचे, कारण थोड्या जागेत दोन्ही मावत नाहीत.

बाजारात मिळणाऱ्या सुरुवातीच्या संचापासून आरंभ करू. नेहमीच्या १:८७ प्रमाणाच्या संचातील वळणाची त्रिज्या साधारण ३६ सें.मी. असते. तिला ८७ ने गुणले की उत्तर येते सुमारे ३१ मीटर. भारतीय ब्रॉडगेजवर सर्वांत तीव्र वळणाची मर्यादा १० अंशांची, म्हणजे १७५ मीटर त्रिज्येची आहे. तेच वळण १:८७ मध्ये आणले तर त्रिज्या दोन मीटर होते आणि पूर्ण वर्तुळ चार मीटर रुंद, म्हणजे बऱ्याच वर्गखोल्यांत बाके बाहेर काढल्याशिवाय न मावणारे. टेबलावरचा लंबगोल हा असा भूमितीच्या दृष्टीने खोटाच असतो. खेळणे म्हणून त्याला माझी हरकत नाही. पहिली-दुसरीच्या मुलांसाठी तोच उत्तम. पण प्रमाण शिकवण्यासाठी मांडलेली वस्तू प्रमाणातच पाच-सहा पट चुकत असेल आणि तिचा उल्लेखही होत नसेल, तर मुले नेमकी उलट गोष्ट शिकतात.

आपल्याकडे या छंदाचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी उभे केलेले लघुरेल्वे संग्रहालय. ते १९९८ साली सुरू झाले. तिथे एका मोठ्या मांडणीवर अख्खे शहर आहे: सिग्नल, उड्डाणपूल, दिव्यांचे खांब, वाफेच्या इंजिनापासून अतिजलद गाडीपर्यंत अनेक प्रकारच्या गाड्या, आणि दिवस मावळून दिवे लागण्याचा खेळ. एका माणसाने आयुष्यभराच्या ध्यासातून काय उभे करावे याचा तो नमुना आहे, आणि एकाच वेळी अनेक गाड्या एकमेकींवर न आदळता चालवणे हे नियंत्रणाचे अवघड काम तिथे चोख होते. सहलीला मुलांना जरूर न्यावे. मात्र शाळेने त्याची छोटी नक्कल करू नये. त्या मांडणीचे सामर्थ्य तिच्या विस्तारात आहे. विस्तार काढून घेतला की उरतो बोगदा आणि लंबगोल, म्हणजे पुन्हा आपला प्रदर्शनातला थर्मोकोल. शिवाय तिथले जग बहुतांशी युरोपीय धाटणीचे आहे; परळी आणि लातूर रोड यांच्या मधल्या घाटनांदूरच्या मुलाला त्यात आपले स्टेशन सापडणार नाही.

आणि घाटनांदूरला तर खरे स्टेशन गावातच आहे! अंबाजोगाई हे तालुक्याचे गाव, पण रेल्वे तिथे नाही. ती या गावाला आहे. तेव्हा मांडणीची सुरुवात दुकानात न होता फलाटावर व्हावी. रुळांत उतरायचे नाही, फलाटाच्या कडेपासून लांब उभे राहायचे आणि स्लीपर मोजायचे. मुख्य मार्गावर किलोमीटरला साधारण १६६० स्लीपर असतात, म्हणजे दोन स्लीपरांत सुमारे ६० सें.मी. अंतर. दहा अंतरे म्हणजे सहा मीटर. या एका पट्टीने डब्याची लांबी, फलाटाची लांबी, दोन खांबांतले अंतर अशी सगळी मापे टेप न लावता मिळतात. पावलांनीही मोजावे आणि दोन्ही उत्तरे ताडून पाहावीत.

आता प्रमाण निवडू. १:८७ हे प्रमाण १४३५ मि.मी.च्या युरोपीय मार्गासाठी ठरले, त्यातून १६.५ मि.मी. रुंदीचा छोटा मार्ग आला आणि तोच बाजारात सहज मिळतो. आपला ब्रॉडगेज मात्र १६७६ मि.मी.चा. त्याला १६.५ ने भागले तर येते १०१.६. म्हणजे तेच रूळ वापरून आपण १:१०० हे प्रमाण घेतले तर चूक दोन टक्क्यांहूनही कमी! शिक्षकाला याहून सोयीचे प्रमाण कोणते मिळणार? मीटरचा सेंटिमीटर होतो. वजन लांबीच्या घनाप्रमाणे बदलते, म्हणून टनाचा ग्रॅम होतो. बीओएक्सएन या उघड्या मालवाघिणीची लांबी १०.७ मीटर, ती १०.७ सें.मी. झाली. तिचे रिकामे वजन सुमारे २२.५ टन, भरल्यावर सुमारे ८१ टन. पुठ्ठ्याच्या वाघिणीत वाळू घालून २२.५ आणि ८१ ग्रॅम तागडीवर तोलता येतात. डब्ल्यूडीएम-२ जातीचे डिझेल इंजिन १७ मीटरचे आणि ११३ टनांचे, म्हणजे १७ सें.मी. आणि ११३ ग्रॅम. बाजारातली इंजिने बहुधा याहून जड असतात. ती मुद्दाम जड केलेली असतात, कारण चाकांना रुळावर पकड हवी आणि रुळांतून वीजही घ्यायची असते. हे मुलांनी स्वतः तोलून शोधावे.

मात्र जुन्या पद्धतीच्या १८ डब्यांची प्रवासी गाडी या प्रमाणातही इंजिन धरून चार मीटरांपलीकडे जाते. घाटनांदूरसारखे लहान स्टेशनसुद्धा फळीवर संपूर्ण मावत नाही, हा पहिला धडा आणि मला तो मोलाचा वाटतो. काय गाळायचे हे ठरवावे लागते. माझे मत असे की प्रवासी गाडीच गाळावी आणि फक्त मालधक्का करावा, मग तो आपल्या स्टेशनात असो वा नसो.

यासाठी इंग्लंडमधील ॲलन राइट यांनी केलेली 'इंगलनूक सायडिंग्ज' ही मांडणी मला सर्वांत उजवी वाटते. तीन बाजूमार्ग: एकात पाच वाघिणी मावतात, उरलेल्या दोहोंत तीन-तीन. पुढच्या तुकड्यावर इंजिन आणि तीन वाघिणी मावतात. सांधे दोनच. आठ वाघिणींना क्रमांक द्यायचे, पाच चिठ्ठ्या उचलायच्या आणि त्याच क्रमाने पाच वाघिणींची गाडी जुळवायची. लांबी मोजा: पाच वाघिणींना ५४ सें.मी., दोन सांध्यांना ३४, इंजिन आणि तीन वाघिणींना ४९. बेरीज १३७. म्हणजे दीड मीटर लांब आणि ३० सें.मी. रुंद फळी पुरते आणि ती वर्गातल्या बाकांवर आडवी ठेवता येते. या लहानशा फळीवर मागण्यांचे किती क्रम संभवतात? ८×७×६×५×४, म्हणजे ६७२०. रोज एक कोडे सोडवले आणि शाळेचे २०० दिवस धरले, तर ३३ वर्षे पुरतील. लंबगोल पाचव्या फेरीला संपतो.

या मांडणीत गाडीला करायला काम आहे, हे तिचे खरे वैशिष्ट्य. दोन रूळ म्हणजे दोन तारा. त्यांची धन-ऋण टोके उलटली की इंजिन मागे येते, आणि येथे ते सारखे मागे-पुढे करावे लागते. त्यामुळे डीपीडीटी स्विच मुले गरज म्हणून जोडतात. (१२ व्होल्टचा तयार अडॅप्टरच वापरावा. घरगुती विजेशी कसलाही खेळ नको.)

दोष नाहीत असे नाही. संचातले सांधे साधारण २२.५ अंशांत फाकतात, म्हणजे अडीचास एक; आपल्या खऱ्या सांध्यांचे नेहमीचे प्रमाण साडेआठास एक किंवा बारास एक. ही तडजोड उघडपणे फळीवर लिहून ठेवावी. दुसरे, काळ आक्रसत नाही. दोन सेकंदांत एक मीटर धावणारे इंजिन १:१०० मध्ये ताशी १८० कि.मी. वेगाने जात असते. शंटिंगचा ताशी १५ कि.मी. वेग येथे सेकंदाला चार सें.मी. होतो आणि इतक्या हळू स्वस्त मोटर चालत नाही, धक्के देते. म्हणून इंजिन विकत घेताना ते किती वेगाने पळते हे पाहू नये. दुकानदाराला ते शक्य तितके सावकाश चालवून दाखवायला सांगावे.

घर्षणही प्रमाणात कमी होत नाही. स्टेशनच्या आवारात चढ-उतार ४०० ला १ पेक्षा तीव्र नसावा असा रेल्वेचा नियम आहे, कारण त्याहून अधिक उतारावर उभी वाघीण आपोआप सुटू शकते. दीड मीटरच्या फळीचे एक टोक चार मि.मी. उचलून पाहा. आपली वाघीण ढिम्म हलत नाही. ती कोणत्या उतारावर सुटते ते सातवीच्या मुलांनी मोजावे आणि ४०० शी तुलना करावी. मुंबई-पुणे मार्गावरच्या बोरघाटाचा चढ ३७ ला १ आहे. त्या उतारावर आपली वाघीण थांबते की घसरते, हेही पाहावे.

खर्चाचे म्हणाल, तर पहिले पंधरा दिवस काहीच लागत नाही. जाड कागदाच्या १०.७ सें.मी. लांबीच्या आठ पट्ट्या आणि १७ सें.मी.ची एक कापावी, बाकावर खडूने तीन मार्ग आखावेत, चिठ्ठ्या उचलाव्यात आणि पट्ट्या हातांनी सरकवून खेळावे. एका मुलाने सरकवायचे, दुसऱ्याने खेळ्या मोजायच्या. तीच चिठ्ठी कमी खेळ्यांत सोडवण्याची चढाओढ मुलांत लागली, तर रूळ विकत घ्यावेत.