दुय्यम भूमिकेचा मान

१८ ऑगस्ट २०२५ रोजी अच्युत पोतदार ठाण्यात निवर्तले. आणखी चार दिवसांनी त्यांना ९१ वर्षे पूर्ण झाली असती. त्यांच्या निधनाची वार्ता सांगताना बहुतेकांनी एकच ओळख दिली : २००९ सालच्या ‘थ्री इडियट्स’ चित्रपटातील गोंधळलेले प्राध्यापक. ही ओळख खोटी नव्हे. परंतु तेवढ्यावर थांबणे म्हणजे नटावर अन्याय करणे होय.

आम्हां परमुलखातील मराठी माणसांस पोतदार हे विशेष आपले वाटावेत, याला कारण आहे. त्यांचा जन्म जबलपूरचा, बालपण इंदूरचे, अध्यापनाची पहिली नोकरी रीवा येथील. पुढे ते सैन्यात गेले आणि १९६७ साली कॅप्टन या हुद्द्यावरून निवृत्त झाले. त्यानंतर १९९२ पर्यंत, वयाच्या ५८ व्या वर्षापर्यंत, त्यांनी इंडियन ऑइलमध्ये अधिकारी म्हणून काम केले. घरात मराठी आणि दाराबाहेर हिंदी, हा आपला नित्याचा अनुभव त्यांच्याही वाट्यास आला होता. म्हणूनच की काय, त्यांच्या हिंदीला उसनेपणाचा वास नसे आणि त्यांची मराठीही घरातल्या वडीलधाऱ्यांची वाटे.

एक गोष्ट नीट ध्यानात घेण्याजोगी आहे. ‘आक्रोश’ १९८० चा, ‘अर्धसत्य’ १९८३ चा, ‘तेजाब’ १९८८ चा, ‘परिंदा’ १९८९ चा. दूरदर्शनवरील ‘वागळे की दुनिया’ आणि ‘भारत एक खोज’ या मालिका १९८८ च्या. या साऱ्यांत पोतदार आहेत, आणि ही सारी कामे सेवानिवृत्तीपूर्वीची आहेत. नोकरी सुटल्यावर विरंगुळा म्हणून ते कलेकडे वळले, असे समजणाऱ्याने या सनावळीकडे एकदा पाहावे.

आता त्या गाजलेल्या प्रसंगाविषयी. वर्गाबाहेर काढलेला विद्यार्थी विसरलेली पुस्तके नेण्यास परत येतो आणि ‘पुस्तक’ हा साधा शब्द न उच्चारता त्याची लांबलचक शास्त्रीय व्याख्या ऐकवितो. बिचाऱ्या प्राध्यापकांस काहीच उमगत नाही. एखाद्या हलक्या नटाने येथे डोळे गरगर फिरविले असते आणि प्राध्यापकाचे विदूषक केले असते. पोतदार तसे काही करीत नाहीत. ते व्याख्या मनापासून ऐकतात, ती समजून घेण्याची प्रामाणिक धडपड करतात आणि मगच वैतागून विचारतात. त्यांचा गोंधळ खरा आहे म्हणून नायकाचा विनोद खरा ठरतो. हशा पिकतो तो नायकाच्या नावावर. त्याची मशागत मात्र समोरच्या नटाने केलेली असते. दुय्यम भूमिकेचे मर्म माझ्या मते येथेच आहे. मुख्य नटाच्या बोलण्याला समोरच्याच्या ऐकण्याने वजन येते.

यावर आक्षेप घेता येईल, आणि तो मी टाळू इच्छीत नाही. १२५ हून अधिक हिंदी चित्रपटांत वावरूनही, संपूर्ण कथेचा भार पेलणारी किती कामे त्यांच्या नावावर आहेत? फारच थोडी. निर्माते त्यांच्याकडून दोन मिनिटांचा विश्वासार्हपणा घेत, वडील, शिक्षक किंवा अधिकारी यांच्या रूपाने तो पडद्यावर मांडीत आणि पुढे जात. ही त्या व्यवसायाची काटकसर होती, आणि तीत रसिकांचे नुकसान झाले, हे मान्य केलेच पाहिजे.

त्याची थोडी भरपाई ‘माझा होशील ना’ या मालिकेने केली. २०२० च्या मार्चमध्ये ती सुरू झाली आणि लगेच टाळेबंदी आली. त्यातील वृद्ध आप्पा उभे करणाऱ्या पोतदारांचे वय तेव्हा ८५ होते. रोजच्या मालिकांत जो तो आपला आनंद किंवा धक्का ठळक करून दाखवितो. आप्पांचे तसे नव्हते. घरातील म्हातारा माणूस जसा सगळे पाहत असतो आणि मोजकेच बोलतो, तसे ते वागत. पद्मनाभपुरातील आमच्या घरी माझी आई संध्याकाळचा स्वयंपाक आटोपता घेऊन आप्पांसाठी बसे. नायक-नायिकेचे काय झाले, हे ती विसरली आहे. आप्पा मात्र तिच्या लक्षात आहेत.

येथे एक कबुली दिली पाहिजे. काही वर्षांपूर्वी आमच्याकडील मंडळींनी गणेशोत्सवात नाटक बसविले, तेव्हा मला पोस्टमनचे काम देऊ केले होते; प्रवेश दोन, वाक्ये सात. कार्यालयात वर्षअखेरचे काम आहे, असे सांगून मी ते नाकारले. गणेशोत्सव भाद्रपदात येतो आणि सरकारी वर्ष मार्चमध्ये संपते, हे सर्वांस ठाऊक होते. कोणी बोलले नाही इतकेच. माझे दुखणे वेळेचे नव्हते, सात वाक्यांचे होते. दिवसभर दुसऱ्याच्या सहीसाठी टिपणी लिहिणाऱ्याला संध्याकाळी तरी नायक व्हावेसे वाटते. पोतदारांच्या कारकिर्दीकडे पाहताना त्या नकाराची लाज वाटते. ज्याने हुद्दा सांभाळला, हाताखाली माणसे वागविली, तो मनुष्य दोन मिनिटांच्या कामासाठी तोंडाला रंग लावून उभा राहत होता आणि ते काम कमी प्रतीचे मानीत नव्हता.

श्रद्धांजलीच्या लेखात नटाला थोर म्हणण्याची रीत आहे. मी तो शब्द वापरीत नाही. पोतदारांनी समोरच्या नटाचे वाक्य कधी वाया जाऊ दिले नाही, एवढेच म्हणतो. आणि यंदा पोस्टमन हवा असल्यास मंडळींनी मला जरूर विचारावे.