ओडियनचा बैल कोणी पाहिला?

केरळच्या पालघाट भागात ओडियनच्या गोष्टी पिढ्यानपिढ्या सांगितल्या जातात. मंत्रवलेले तेल अंगाला लावून रात्री बैल किंवा कुत्रा होणारा आणि वाटसरूला भीतीने मारणारा माणूस म्हणजे ओडियन. तो बहुधा परयन किंवा पाणन जातीचा असतो. त्याच्याकडून हे काम करवून घेणारा मात्र पैसेवाला, वरच्या जातीचा असतो.

एल. के. अनंतकृष्ण अय्यर यांनी कोचीनमधील जातीजमातींवरच्या ग्रंथाच्या पहिल्या खंडात (१९०९) या विद्येची माहिती दिली आहे. ग्रंथ मोलाचा आहे, पण आमची एक तक्रार आहे. पहिलटकरणीच्या गर्भापासून तेल काढण्याची कृती ते परयनांच्या इतर चालीरीतींच्या बरोबरीने मांडतात. लग्नविधी पाहता येतो. माणसाचा बैल होताना कोणी पाहणार? पाहिलेले आणि ऐकलेले वेगळे ठेवणे, हा निरीक्षणाचा पहिला नियम येथे सुटला आहे. विद्यार्थ्यांसमोर हे पान ठेवून असा फरक त्यांच्याकडूनच करवून घ्यावा.

रात्री बैल 'दिसतो' हे मात्र खोटे नसावे. मंद उजेडात डोळ्यातील शंक्वाकार पेशी जवळजवळ निकामी होतात, दंडाकार पेशी काम करतात. रंग जातात, कडा पुसट होतात. उरलेले चित्र मेंदू आपल्या अपेक्षेप्रमाणे पुरे करतो. लोककथा म्हणते, ओडियनच्या रूपात एखादा अवयव उणा असतो, शिंग नाहीतर शेपूट. हा पुरावा किती सोयीचा! मग गावातला कोणताही लंगडा कुत्रा ओडियन ठरतो.

आणि कुत्र्यावर थांबत नाही. ज्या परयनाला दिवसा सवर्णांपासून ठरावीक अंतर राखून चालावे लागे, तोच रात्री वाटेवर भेटला तर गावाने काय समजावे? या भीतीचा त्याला थोडा आधारही झाला असेल, पण तिची किंमत त्यानेच मोजली.

व्ही. ए. श्रीकुमार मेनन यांच्या 'ओडियन' (२०१८) या मल्याळम चित्रपटात खुनाचा आळ माणिक्यनवर येतो आणि गाव तो चटकन खरा मानते. कथेतला हाच भाग आम्हाला सर्वांत खरा वाटला. पण मोहनलाल यांच्या उड्या आणि मारामाऱ्यांत तो हरवतो. गावाला माणिक्यनच का सापडला, हे दिग्दर्शकाने विचारलेच नाही.