चित्रकाराचे बलुते

दलित साहित्याच्या उदयाची कारणे सांगताना आपण आंबेडकरी विचार, शिक्षण आणि विद्रोह यांची नावे घेतो. ती खरीच आहेत. पण आणखी एक कारण आहे आणि ते उच्चारताना आपल्याला उगाच संकोच वाटतो. ते कारण म्हणजे पगार. दया पवार रेल्वेच्या नोकरीत होते, बाबूराव बागूलही काही काळ रेल्वेत होते. गंगाधर पानतावणे आणि केशव मेश्राम प्राध्यापक होते. महिन्याच्या पहिल्या तारखेला घरात येणाऱ्या पैशाने या लेखकांना प्रस्थापितांच्या मासिकांकडे पाठ फिरवण्याचे बळ दिले. ज्यांच्यापाशी पगार नव्हता, त्या नामदेव ढसाळांनी टॅक्सी चालवली. पण कविता लिहायला कागद आणि पेन पुरत होते.

चित्रकाराला ते पुरत नाही. कॅनव्हास, तैलरंग, ब्रश आणि काम करायला उजेडाची जागा हे भांडवल आहे. दलित साहित्याच्या तोडीचा दलित चित्रकलेचा प्रवाह महाराष्ट्रात का उभा राहिला नाही, या प्रश्नाला आमचे समीक्षक दृश्यपरंपरेचा अभाव असे उत्तर देतात. मला ते मान्य नाही. वस्तीवस्तीतल्या विहारांच्या भिंती पाहिल्या तर अभाव परंपरेचा नाही, हे कळते. शरद पाटलांचे ‘अब्राह्मणी साहित्याचे सौंदर्यशास्त्र’ 1988 साली आले, शरणकुमार लिंबाळ्यांचे ‘दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र’ 1996 साली. या भिंतींचे सौंदर्यशास्त्र मात्र कोणी मनावर घेतले नाही आणि रंगाच्या डब्याची किंमत विचारण्याचे तर कोणाला सुचलेच नाही.

हिंगोलीचेच उदाहरण घ्या. 1 मे 1999 रोजी परभणीतून वेगळा झालेला हा पाच तालुक्यांचा जिल्हा. राज्याची शासकीय कला महाविद्यालये मुंबई, नागपूर आणि औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) येथे. त्यातले जवळचे म्हटले तरी दोनशेहून अधिक किलोमीटर दूर. सेनगाव किंवा कळमनुरी तालुक्यातल्या शेतमजुराच्या पोराने तिथवर जायचे किंवा एखाद्या खाजगी विद्यालयात दोन वर्षांची कलाशिक्षक पदविका घ्यायची. शिष्यवृत्तीत शिक्षणशुल्क भागते. तेही रक्कम उशिरा आली तर वर्षभर उसनवारी. रंग, कागद, खोलीचे भाडे हे सारे बापाच्या अंगावर. कोणी मुकादमाकडून उचल घेतो, कोणी सावकाराकडे जातो. बँकेच्या शैक्षणिक कर्जाला चार लाखांपर्यंत तारण लागत नाही, पण बापाची सही लागतेच. अभ्यासक्रम संपल्यावर एका वर्षाने हप्ता सुरू होतो. पोराला काम लागले की नाही, हे हप्ता विचारत नाही.

काम म्हणजे काय? या पोरांसाठी ते एकच होते: शाळेतला चित्रकला शिक्षक. लेखकाला जी रेल्वेची वा महाविद्यालयाची नोकरी, ती चित्रकाराला ही. आणि नेमकी तीच आटवली गेली. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याच्या अनुसूचीत सहावी ते आठवीसाठी कलाशिक्षणाला ‘अंशकालीन निदेशक’ आहे, तोही पटसंख्या शंभरावर असेल तरच. आमच्या वाड्या-तांड्यांवरच्या शाळांत शंभर मुले आणायची कोठून? गंमत अशी, की शासनाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांचे वाढीव गुण दहावीला मिळतात. गुण देणारी परीक्षा आहे, शिकवणारा नाही. पूर्णवेळ जागा मिळालीच तर आधी तीन वर्षे शिक्षणसेवक. 2023 पर्यंत माध्यमिकच्या शिक्षणसेवकाला महिन्याला 8,000 रुपये मिळत. मग ते 18,000 झाले. विनाअनुदानित शाळेत तर अनुदानाची वाट पाहत बिनपगारी राबायचे, आणि त्या जागेसाठीही संस्थाचालकाला आधी डोनेशन द्यायचे. म्हणजे दुसरे कर्ज.

शिक्षणसेवकाला जे मिळते त्याला वेतन म्हणत नाहीत, मानधन म्हणतात. हा शब्द एकदा नीट उलटून पाहावा. वेतन हा हक्क आहे, त्यासाठी भांडता येते. मानधन देणाऱ्याच्या मर्जीवर असते. गावगाड्यात हलगी वाजवणाऱ्याला लग्नात, जत्रेत, मयतीत बोलावणे यायचे आणि त्याबदल्यात सुगीत खळ्यावर ओंजळभर धान्य. त्यालाही ‘मान’च म्हणत. आमच्या बापजाद्यांची कला फुकटच घेतली गेली आणि त्या फुकटेपणाला मानाचे नाव दिले गेले. दया पवारांच्या ‘बलुतं’ने 1978 साली ते नाव उघडे पाडले. तेच बलुते पदविकेचा कागद हातात असलेल्या त्यांच्या नातवंडांना नव्या नावाने वाढले जात आहे, आणि आपण त्याला नोकरी समजून पेढे वाटतो.

यात आपलेही हात स्वच्छ नाहीत. फ्लेक्स येण्यापूर्वी 14 एप्रिलच्या आधी पेंटर रात्र रात्र जागून कापडावर बाबासाहेब रंगवीत. थोडे पैसे हाती पडत. आता तसबीर यंत्रातून निघते. डीजेला वर्गणीतून आगाऊ रक्कम जाते, आणि विहाराची भिंत रंगवणाऱ्या पदवीधर पोराला आपण सांगतो, ‘समाजाचे काम आहे.’ डीजेवाल्याला असे कोणी सांगत नाही. आपल्या नियतकालिकांची मुखपृष्ठेही बहुधा अशीच ‘चळवळीसाठी’ काढून घेतलेली असतात.

नागपूरच्या सवी सावरकरांनी गळ्यात मडके बांधलेला अस्पृश्य रंगवला आणि जातीला चित्रात आणले. ते दिल्लीच्या कला महाविद्यालयात शिकवत होते, ही गोष्ट त्यांच्या चित्रांच्या समीक्षेत तळटीपेतही येत नाही. ती पहिल्या परिच्छेदात यायला हवी. हुसेनने चित्रपटांचे फलक रंगवले, हे कौतुकाने सांगतात. त्याच्यासाठी ती सुरुवात होती. हिंगोलीच्या पोरासाठी दुकानाची पाटी हा पदवीनंतरचा मुक्काम आहे, आणि पाट्याही आता छापून येतात. पदविका घेतलेली किती मुले आज हळदीच्या बाजारात पोती उचलतात, याची मोजणी जिल्ह्यातल्या आपल्या शिक्षकांनी आणि विद्यार्थी संघटनांनी गावनिहाय करावी. कर्ज किती, कोणाचे, काय काम मिळाले, आणि शेवटचे चित्र कधी काढले, एवढे चार प्रश्न पुरेत.