सज्ज पियानो आणि नवरसांचा दावा

जॉन केज यांच्या 'सोनाटाज अँड इंटरल्यूड्स' (१९४६-४८) या एकल पियानोरचनेकडे भारतीय अभ्यासक वळतो तो बहुधा नवरसांच्या उल्लेखामुळे. त्या काळात केज आनंद कुमारस्वामींचे लेखन वाचीत होते. न्यूयॉर्कला आलेल्या अहमदाबादच्या गीता साराभाई यांच्याकडून त्यांनी भारतीय संगीताची ओळख करून घेतली होती. नऊ स्थायी भाव व त्यांची शांताकडे असलेली ओढ व्यक्त करण्याचा हेतू त्यांनी सांगितला. १६ सोनाटे व ४ इंटरल्यूड यांपैकी कोणता कोणत्या रसाचा, हे मात्र सांगितले नाही. विभावानुभावांचा आधार नसलेल्या या वाद्यसंगीतात तो दावा पडताळावा कशावर? भारतीय समीक्षकाने केवळ आपल्या परिभाषेच्या गौरवाने सुखावून तो मान्य करणे उचित नव्हे.

रचनेचे खरे सामर्थ्य वाद्याच्या पोटात आहे. पियानोच्या तारा हाताने छेडण्याचा प्रयोग हेन्री कॉवेल यांनी 'द बॅन्शी'त (१९२५) केला होता. केज यांची युक्ती निराळी, आणि ती सुचली एका अडचणीतून: सिअ‍ॅटल येथील नृत्यप्रयोगात तालवाद्यवृंदाला रंगमंचावर जागा नव्हती. प्रस्तुत रचनेत वादक ४५ स्वरांच्या तारांमध्ये स्क्रू, बोल्ट, रबर व प्लॅस्टिकचे तुकडे मोजून बसवितो. तबल्याच्या पुडीवरील शाईमुळे चामड्याचे विस्कळीत उपस्वर सुसंवादी क्रमात येतात, हे चं. व्यं. रामन यांनी १९२० साली दाखविले. केज यांची वाट नेमकी उलटी. येथे तारेचे सुसंवादी उपस्वरच बोल्टने विस्कटले जातात आणि पट्टी दाबताच कधी घंटा, कधी लाकडी ठोकळा वाजल्याचा भास होतो. डावे पेडल दाबल्यास हातोडी बाजूला सरकून तीनांपैकी दोनच तारांवर पडते. मोकळी तार वगळली जाते व त्याच पट्टीचा ध्वनी पालटतो.

हे नाद लवकर विझतात. शांताची काही जाणीव होत असेल तर ती त्या विझण्यानंतरच्या निःशब्दतेत. एरवी येथे भाव स्थायी होण्याइतका नादच टिकत नाही.

वादकाची कसोटीही विलक्षण आहे. स्वरलेखनात बोटांनी दाबावयाच्या पट्ट्या लिहिलेल्या असतात, कानी पडणारा नाद नव्हे. शिवाय प्रत्येक पियानोच्या तारांची लांबी वेगळी, त्यामुळे केज यांनी दिलेली मापे दुसऱ्या वाद्यावर जशीच्या तशी वापरली तरी नाद बदलतो. मापाशी इमान राखावे की नादाशी, हे प्रत्येक वादकाला पहिला स्वर वाजविण्यापूर्वीच, हातात बोल्ट घेऊन ठरवावे लागते.