पैलतीर नसलेली होडी

मराठी कवितेतली होडी बहुतेक वेळा पलीकडे जायला निघालेली असते. ज्ञानेश्वरीच्या बाराव्या अध्यायात देव स्वतःच संसारसागरातलं तारू होतो. सड्या माणसाला तो ध्यानाच्या कासेला लावतो, बायकापोरं असलेल्याला तराफ्यावर घेतो, कुणाच्या पोटाला प्रेमाची पेटी बांधतो. ज्याची त्याची अडचण बघून केलेली ही सोय मला फार आवडते. पण नजर प्रवाशाचीच आहे. पाणी म्हणजे संकट, आणि काठ आला की होडीचं काम संपलं. कुसुमाग्रजांचा कोलंबस समुद्राला आव्हान देतो, पण त्यालाही पुढचा किनाराच हवा असतो.

बंगालीत ही प्रतिमा वेगळं वळण घेते. टागोरांच्या 'सोनार तरी'त (१८९४) होडी शेतकऱ्याचं सगळं सोनेरी पीक घेऊन जाते. त्याच्यासाठी मात्र तीत जागा उरत नाही. माणसाची कमाई पार होते, माणूस काठावरच राहतो.

वाणगाव स्टेशनातून पश्चिमेला निघालं की वरोर, वाढवणचा किनारा लागतो. इथल्या होडीला पैलतीरच नाही. ती जाते ती परत येण्यासाठी. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहून मागणं असतं तेही हेच, की गेलेली माणसं घरी येऊ देत.

शांता शेळके यांचं 'मी डोलकर' या नजरेनं पुन्हा ऐकावं. लता मंगेशकरांबरोबर त्यात हेमंतकुमारांचा बंगाली आवाज आहे. चाल अशी की डोलकर म्हणजे लाटांवर डोलणारा, असंच अनेकांना वाटतं. पण डोल हे जाळ्याचं नाव आहे. पिशवीसारखं हे जाळं ठरलेल्या जागी, भरती-ओहोटीच्या ओढीत लावतात. म्हणजे डोलकर हा भटक्या खलाशी नाही. समुद्रात त्याची जागा ठरलेली आहे. गाण्यात तो स्वतःला राजा म्हणवतो, ते या जागेच्या जोरावर. हे कळलं की ते नुसतं ठेक्याचं गाणं राहत नाही.

आता वाढवण बंदर येतंय. ३० ऑगस्ट २०२४ला पालघरमध्ये त्याची पायाभरणी झाली. खर्च ७६,२२० कोटी रुपये, आणि समुद्रात १,४४८ हेक्टर भराव. मच्छीमारांचा विरोध आहे, रोजगाराची आशा धरणारेही आहेत. मला खटकतं ते असं की प्रकल्पाच्या भाषेत समुद्र पुन्हा नुसता ओलांडायचा होतो. मोठं जहाज येणार, माल पार होणार. होडीची भरपाई ठरवता येईल. पण डोल लावायची जागा मोजायला त्या भाषेत शब्द नाही. 'सोनार तरी'तला काठावरचा माणूस मला आता बंगालमधला वाटत नाही.