तंत्रज्ञान कंपन्यांच्या शेअर्सचे मूल्यमापन आणि ‘शॉर्ट इंटरेस्ट’ : एक चिकित्सा

प्रस्तावना :
एखाद्या कंपनीचे भवितव्य जोखताना ‘शॉर्ट इंटरेस्ट’ या आकड्याचा आधार घेण्याचा प्रघात आहे. उसने घेऊन विकलेल्या व अद्याप परत न केलेल्या शेअर्सची एकूण संख्या म्हणजे शॉर्ट इंटरेस्ट होय. भाव उतरेल या अपेक्षेने मंदीवाले असे व्यवहार करतात. म्हणून हा आकडा वाढला की कंपनीत दोष आहे, असे एक मत मांडले जाते. मंदीवाल्यांना हे शेअर्स पुन्हा विकत घ्यावेच लागतील, म्हणून भाव चढेल, असे दुसरे मत आहे. ही दोन्ही मते एकांगी आहेत.

आकड्याचे स्वरूप :
हेमांग देसाई व सहकाऱ्यांच्या २००२ मधील नॅसडॅकविषयक अभ्यासात अधिक शॉर्ट इंटरेस्ट असलेल्या शेअर्सचा परतावा तुलनेने कमी आढळला. परंतु हा निष्कर्ष समूहाच्या सरासरीचा आहे. एका कंपनीस तो जसाच्या तसा लागू होत नाही. शिवाय अमेरिकेत हा आकडा महिन्यातून दोनदा व काही दिवसांच्या विलंबाने प्रसिद्ध होतो. परिवर्तनीय कर्जरोखे घेणारे गुंतवणूकदारही जोखीम कमी करण्यासाठी त्याच कंपनीचे शेअर्स शॉर्ट करतात. अशा विक्रीमागे कंपनीविषयी प्रतिकूल मत असतेच असे नाही.

दोन उदाहरणे :
२०१८ मध्ये टेस्लाच्या खुल्या बाजारातील शेअर्सपैकी एक पंचमांशाहून अधिक शेअर्स काही काळ शॉर्ट होते. कंपनीने परिवर्तनीय रोखेही काढलेले असल्याने या सर्व विक्रीस अविश्वास म्हणता येत नव्हते. उत्पादन व रोकड यांविषयीच्या शंका निराधार नव्हत्या. तथापि २०२० या एका वर्षात शेअरचा भाव आठपटींहून अधिक झाला व मंदीवाल्यांचे प्रचंड नुकसान झाले.

याउलट जर्मनीतील वायरकार्ड या पेमेंट कंपनीबाबत मंदीवाल्यांचा संशय खरा ठरला. गैरव्यवहाराच्या बातम्या प्रसिद्ध झाल्यावर फेब्रुवारी २०१९ मध्ये तेथील नियामक ‘बाफिन’ने त्या शेअरमधील नव्या शॉर्ट विक्रीवर दोन महिन्यांची बंदी घातली. परिणामी, दोष कंपनीचा नसून विक्री करणाऱ्यांचा आहे, असा समज होण्यास वाव मिळाला. जून २०२० मध्ये १.९ अब्ज युरोंचा पत्ता लागत नसल्याचे उघड झाले आणि कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. त्या दरम्यान शेअर धरून बसलेल्या सामान्य गुंतवणूकदारांची पुंजी बुडाली.

निष्कर्ष :
मंदीवाले एके ठिकाणी चुकले, दुसऱ्या ठिकाणी बरोबर ठरले. दोन्हींतील भेद त्यांच्या विक्रीच्या प्रमाणातून नव्हे, तर त्यांच्या आक्षेपांच्या तपासणीतूनच कळू शकला असता. वाहने खरोखर विकली जात होती काय, बँकेत रक्कम खरोखर होती काय, हे प्रश्न ताळेबंदाला विचारावयाचे होते. शॉर्ट इंटरेस्ट हा निकाल नसून साक्षीदाराने घेतलेला आक्षेप आहे. त्याचे म्हणणे ऐकून घेणे आवश्यक आहे; पण पुराव्याविना ते मान्य करणे किंवा त्याचे तोंड बंद करणे, दोन्ही गुंतवणूकदाराच्या हिताचे नाही.